‘फौज हुकमावर चालते’ एवढ्यानं भागत नाही

पणजीपासून पेडण्यापर्यंत आपल्या व्हॉट्सॲप गटांत एक मजकूर फिरतोय: ‘फौज हुकमावर चालते. चुका पकडल्या की संस्था सुधारते. माणसांची बलस्थानं हेरा, अनुभव एकमेकांना सांगा, ही कंपन्यांची थेरं. त्यानं शिस्त ढिली पडते.’ पुढे पाठवणाऱ्यांच्या मनात फौजेबद्दल आदर आहे, म्हणूनच हे उत्तर.

हुकूम चालतो, वाद नाही. पण शिकवणं हुकमानं होत नाही. मांडवीपलीकडे वेरेला नेव्हल वॉर कॉलेज आहे. 1988 मध्ये मुंबईत सुरू झालेलं, 2011 मध्ये गोव्यात आलेलं. तिथे विद्यार्थी म्हणून बसतात ते तिन्ही दलांतले मुरलेले अधिकारी. पाणबुडीवर वर्षं काढलेला आणि डोंगरातली चौकी सांभाळलेला असे दोघं शेजारी बसले, तर एकाला जे येतं ते दुसऱ्याच्या पुस्तकात नसतं. ते बाहेर काढायचं तर आधी विचारावंच लागतं: तुम्हाला काय चांगलं जमलं, आणि कसं?

कंपन्यांची थेरं? बलस्थानांपासून बदल सुरू करायची मांडणी कूपररायडर आणि श्रीवास्तव या अमेरिकेतल्या अभ्यासकांनी 1987 मध्ये विद्यापीठातून केली, हे कबूल. पण कारवाईनंतर सगळ्यांनी बसून उजळणी करायची पद्धत अमेरिकी लष्करानं युद्धसरावांत रुळवली. कंपन्यांनी ती नंतर उचलली.

शिस्तीचं म्हणाल तर त्या उजळणीतले प्रश्न बघा. काय ठरलं होतं, काय घडलं, का घडलं, पुढे काय टिकवायचं, काय सुधारायचं. तेवढ्या वेळापुरता हुद्दा बाजूला. साधा जवानही साहेबांसमोर बोलतो. तिथून उठलं की हुकूम तो हुकूम.

राहिला चुका पकडण्याचा मुद्दा. कारगिलचं युद्ध 26 जुलै 1999 ला संपलं आणि 29 जुलैला आढावा समिती नेमली गेली. असंच व्हायला हवं. त्या समितीच्या अहवालानंतर 2001 मध्ये मंत्रिगटानं तिन्ही दलांसाठी सीडीएस, म्हणजे एकच संरक्षण दलप्रमुख, नेमण्याची शिफारस केली. पहिले सीडीएस जनरल बिपिन रावत रुजू झाले 1 जानेवारी 2020 ला! विलंबाची कारणं अनेक, राजकीयसुद्धा; पण उणीव कागदावर आली म्हणजे संस्था बदलली, असं होत नाही एवढं तरी यातून मानावं.

आणि मला सगळ्यात जास्त खटकतं ते बदल्यांमुळे होणारं नुकसान. दोन-तीन वर्षांत अधिकारी हलतो. चार्ज देताना किल्ल्या, स्टोअरची यादी, रखडलेल्या फायली, सगळं सहीनिशी ताब्यात दिलं जातं. पण तुकडीला रात्रीचा सराव कशानं जमायला लागला, नवख्यांना कोणत्या हवालदारानं तयार केलं, हे त्या यादीत कुठे असतं? ते जुन्या साहेबांबरोबर निघून जातं आणि नवे साहेब पहिल्यापासून चाचपडतात. चार्जच्या कागदांत एक पान वाढवा: काय जमलं, कशामुळे, कुणाला विचारावं. त्यावरही दोघांच्या सह्या घ्या.