पाहुण्यांना पायी मुंबई कशी दाखवावी

साताऱ्याहून मामा-मामी आले आणि त्यांना एका दिवसात मुंबई दाखवायची असेल, तर ती पायीच दाखवावी. टॅक्सीचे पैसे वाचतात हे खरं कारण, पण ते बोलायचं नाही. 'फोर्ट म्हणजे चालत बघायची जागा' असं जाणकाराच्या थाटात सांगावं. आपण स्वतः स्टेशन ते ऑफिस यापलीकडे कधी चाललेलो नाही, हे तोंडावर दिसू देऊ नये.

महिना मे निवडावा. उन्हाआधी निघू असं मामा म्हणतीलच. पोहे, चहा, मग परत चहा, असं करत तो बेत हाणून पाडावा. साडेअकराला सीएसएमटीला उतरलात की जमलं.

स्टेशनाबाहेर आल्याबरोबर सबवेत शिरावं. मागे वळून इमारत बघायची नसते. फ्रेडरिक स्टीव्हन्सने दहा वर्षं खपून ती १८८८ मध्ये पुरी केली, दगडात मोर आणि माकडं कोरवली, फाटकाच्या एका खांबावर सिंह आणि दुसऱ्यावर वाघ बसवला. २००४ मध्ये युनेस्कोने तिला जागतिक वारसा ठरवलं. ठरवू दे. युनेस्कोच्या लोकांना आठ बाराची फास्ट पकडायची नव्हती.

सबवेत बिनधास्त पहिला दिसेल तो जिना चढावा. वर आल्यावर परत स्टेशनच दिसलं तर 'मुद्दाम, म्हटलं या बाजूनेही दाखवावं' असं म्हणून पुन्हा खाली उतरावं. तिसऱ्या जिन्याला मामी कठड्याला धरून उभ्या राहतात. तेव्हा 'झालं, पाचच मिनिटं' म्हणावं. हे वाक्य दिवसभर पुरवायचं आहे, तेव्हा आवाजात नवेपणा टिकवावा.

पुढे दादाभाई नौरोजी रोड. इथल्या इमारतींना तळाशी कमानींची ओळ आहे. माणसाने ऊन-पाऊस न लागता चालावं म्हणून जुन्या काळी मालकांना ती सक्तीने ठेवायला लावली. मला विचाराल तर या शहरात चालणाऱ्यासाठी झालेली सर्वांत शहाणी गोष्ट हीच. आता तिथे सावलीत पट्टे, गॉगल आणि चार्जर असतात, आणि माणसं उन्हात, बसच्या आरशाला खांदा घासत रस्त्यावरून चालतात. मामांना मात्र गॉगलची किंमत विचारू देऊ नये. ते चाळीस रुपयांत मागतात आणि विक्रेता देतो.

हुतात्मा चौकात थोडी पंचाईत होते. १८६४ चं फ्लोरा फाउंटन एका नजरेत उरकता येतं, पण शेजारी मशाल धरलेला शेतकरी आणि कामगार दिसला की मामा चपला काढून हात जोडतात आणि संयुक्त महाराष्ट्राचं सांगू लागतात. त्यांच्या वडिलांपासून सुरुवात असते. दर वाक्याला 'हो का' म्हणावं आणि हळूच दंडाला धरून पुढे काढावं. रोज बसमधून हा चौक ओलांडणाऱ्याला त्यांनी काही उलट विचारलं तर अडचण आपलीच.

वॉटसन हॉटेलची इमारत मोडकळीला आलेली दिसते, तेवढ्यावरच भागवावं. जुलै १८९६ मध्ये ल्युमिए बंधूंची हलती चित्रं इथे दाखवली गेली, हे मामींना कळलं तर त्या तिथेच फोटो काढायला थांबतील.

काळा घोडा इथे मामा हमखास विचारणार, 'घोडा कुठाय?' तो २०१७ पासून तिथेच उभा आहे, पाठीवर स्वार नाही इतकंच. आपण पार्किंगची जागा तेवढी ओळखतो. म्हणून 'होता पूर्वी' असं ठामपणे सांगून चालू लागावं.

मग गेटवे. इथे पायांच्या नावाने बोलणी बसली तर इतिहास कामी येतो. पंचम जॉर्ज १९११ मध्ये आले तेव्हा ही कमान नव्हतीच, पुठ्ठ्याची प्रतिकृती होती. दगडाची पुरी झाली १९२४ मध्ये. मुंबईने जिथे राजाचीच 'होतंय, होतंय' म्हणून बोळवण केली, तिथे मामींनी पाच मिनिटांचा हिशेब काय मागावा?

परतीला साडेसहाची गाडी धरावी, म्हणजे गर्दीही दाखवून होते. घरी पाय गरम पाण्यात सोडून बसल्यावर मामा पुन्हा घोड्याचं काढतील. जुना, सातव्या एडवर्डला पाठीवर घेतलेला घोडा १९६५ मध्ये राणीच्या बागेत हलवला, हे चुकूनही सांगू नये. सकाळी सहाला ते चपला घालून दारात उभे असतील.