‘चार कुंड्यांच्या डॉक्टर’ बाईंचं उत्तर

सोनचाफ्याची पानं उन्हाने नव्हे, बोअरच्या पाण्यातल्या क्षारांनी करपतात, तेव्हा कुंडीतली माती भरपूर चांगल्या पाण्याने धुवा आणि खत तूर्त बंद ठेवा, असं मी लिहिलं होतं. तो लेख वाचून ‘मातीचा माणूस’ या नावाने लिहिणाऱ्या गृहस्थांनी प्रतिक्रिया दिली आहे. ज्यांच्या नजरेतून ती सुटली त्यांच्यासाठी थोडक्यात देते: ‘ताई, गच्चीत चार कुंड्या ठेवून झाडांच्या डॉक्टर झालेल्यांनी मरत्या झाडावर दहा-दहा बादल्या ओतायला सांगू नये, मुळं कुजतील. पानं उन्हाने करपली आहेत. शेडनेट लावा, 19:19:19 खत फवारा. खत बंद करा हा सल्ला तर कहरच. आणि त्याच पाण्यावर शेजारची जास्वंद हिरवीगार कशी, ते सांगा.’ शेवटी हात जोडल्याची खूण. एवढं बोलून झाल्यावर हात कशाला जोडायचे, हे मला कधी कळलेलं नाही.

मतभेदाचं मला वावडं नाही. या ब्लॉगवर माझ्याहून जाणकार माणसं येतात, चुकलं तर सांगतात, मी ऐकते. पण ती ‘डॉक्टर’ म्हणून टोमणा मारून सुरुवात करत नाहीत. आधी विचारतात, कुंडी केवढी, पाणी कुठलं, बुडाला भोक मोकळं आहे का. तुम्ही यातलं काहीही विचारलं नाहीत. निदान लेखात होतं ते तरी वाचायचं.

दहा-दहा बादल्या मी कुठेही लिहिलेल्या नाहीत. 18 इंची कुंडी, साधारण 50 लिटर माती, त्याच्या दुप्पट पाणी, म्हणजे 15 लिटरच्या बादलीने सहा-सात बादल्या. त्याही एका दमात नाही. झारीने, थांबत थांबत, सकाळच्या वेळी, खालचं भोक आधी सळईने मोकळं करून आणि कुंडी दोन विटांवर उचलून. शिवाय पाणी पालिकेचं किंवा साठवलेलं पावसाचं, बोअरचं नाही. ही अट ठळक अक्षरात होती. ती सोडून फक्त बादल्या तेवढ्या दिसल्या, आणि सातच्या दहाही झाल्या.

आता ‘मुळं कुजतील’. मुळं कुजतात ती पाणी साचून राहिल्याने. पाणी वरून आलं आणि खालून निघून गेलं तर ती कुजत नाहीत. हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. माझं माहेर शिरोळ तालुक्यातलं. कृष्णा-पंचगंगेच्या काठची काळी, सोन्यासारखी म्हणावी अशी जमीन, आणि त्यात ऊस. नदी उशाला, मोटारी लागल्या, पाट वाहते राहिले, आणि जमिनीतून पाणी बाहेर काढायला वाट कुणी ठेवली नाही. खालच्या पाण्याची पातळी वर आली, त्याबरोबर क्षार वर आले. आमच्या वडिलांच्या मळ्याचा खालचा कोपरा उन्हाळ्यात चुना सांडल्यासारखा पांढरा दिसायचा. तिथे ऊस उगवायचा, गुडघाभर व्हायचा आणि पानांची टोकं वाळायला लागायची. लोक म्हणायचे, पाणी कमी पडतंय, अजून एक पाळी द्या. पाळी दिली की आणखी वाळायचा. शिरोळ, मिरज, वाळवा या पट्ट्यात अशी क्षारपड झालेली रानं आजही हिंडून बघता येतात.

ती जमीन सुधारते कशी? पाण्यानेच. जमिनीखाली सच्छिद्र पाइप पुरून निचऱ्याला वाट करायची, ते पाणी ओढ्याला काढून द्यायचं, चोपण, म्हणजे सोडियमने घट्ट झालेली, असेल तर जिप्सम घालायचं, धैंचा पेरून गाडायचा, आणि मग वरून पडणारा पाऊस क्षार धुऊन खाली नेतो. पाइप न टाकता पाणी द्याल तर रान गेलं, पाइप टाकून द्याल तर रान आलं. हे माझ्या वडिलांनी कर्ज काढून शिकलेलं आहे, साहेब. गच्चीत चार कुंड्या आहेत हे खरं. (चार नाहीत, पण असू द्या.) त्या कुंड्यांमागे काय आहे ते तुम्हाला ठाऊक नव्हतं, तर विचारायचं होतं.

आता तो चाफा. आम्ही पुण्याच्या कडेला राहतो, सोसायटीत बोअर आणि टँकर. टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, मोजायचा पेनाएवढा मीटर मिळतो, तो बुडवला तर बोअरचं पाणी लिटरला 1100 मिलिग्रॅमच्या आसपास दाखवतो. पिण्यासाठी भारतीय मानकाची इष्ट मर्यादा 500, दुसरी सोयच नसेल तर 2000 पर्यंत चालवून घेतात. माणूस प्यायला आणि विसरला. कुंडीचं तसं होत नाही. झाड पाणी ओढून घेतं, उन्हाने वरचं पाणी उडतं, क्षार बरेचसे मातीत मागे राहतात. दर पाण्याबरोबर थोडे आणखी. खाली ताटली ठेवली असेल तर निथळलेले क्षार माती परत वर ओढते. कैरीच्या फोडींना मीठ चोळलं की त्यांना पाणी सुटतं, मुळांचा प्रकार त्याच जातीचा. माती ओली असते आणि झाड तहानलेलं. जे थोडे क्षार वर चढतात ते पानाच्या टोकाला आणि कडेला जाऊन साठतात, कारण पाण्याचा प्रवास तिथे संपतो.

म्हणून मी पान हातात घेऊन बघायला सांगितलं होतं. करपण टोकापासून सुरू होऊन दोन्ही कडांनी आत सरकलेली, तपकिरी आणि हिरव्याच्या मधे पिवळी बारीक रेघ, आणि हे सगळं जुन्या, खालच्या पानांवर जास्त. कुंडीच्या काठाला आतून पांढरी खरपुडी, नखाने खरवडली की भुगा पडतो. दोन पेरं बोट खुपसलं तर माती गार आणि ओली. उन्हाने भाजलेलं पान असं नसतं. तिथे डाग पानाच्या मधोमध पडतो, आधी फिका, मग कागदासारखा, आणि तो पश्चिमेच्या उन्हात असलेल्या बाजूलाच असतो. आमच्या झाडाची भिंतीकडची, सावलीतली पानंही तितकीच करपलेली होती. आता सांगा, सावलीत कुठलं ऊन शिरलं?

एक गोष्ट मान्य करते. लेखातला दुसरा फोटो तिन्हीसांजेचा आहे, त्यात पानाची कड आणि मधला भाग वेगळा ओळखू येत नाही. फोटो बदलला आहे.

धुताना भोकातून पहिलं पाणी आलं ते कोऱ्या चहाच्या रंगाचं. त्यात तोच मीटर धरला तर आकडा 3000 च्या वर गेला. ओतलेलं पाणी होतं दीडशेच्या आतबाहेर. शेवटच्या बादलीला तो पाचशेच्या खाली आला तेव्हा थांबले. नंतर वरची चार बोटं माती पोयटा आणि जुन्या शेणखताने बदलली, वर पालापाचोळ्याचा जाड थर दिला, ताटली काढून टाकली. करपलेली पानं हिरवी होत नाहीत, व्हायचीही नव्हती. बघायचं ते शेंड्याला. तिथलं केसाळ वेष्टन उसवून कोवळं पान बाहेर आलं आणि त्याचं टोक शाबूत राहिलं, तेव्हा मी लेख लिहायला घेतला.

खताबद्दल तुमच्याशी वाद घालायलाही मला कंटाळा येतो. 19:19:19 म्हणजे नत्र, स्फुरद, पालाश, आणि तेही बरंचसं पाण्यात विरघळणाऱ्या क्षारांच्या रूपात. क्षारांनी आजारी पडलेल्या झाडाला तेच? नवी पालवी येऊन तिने रंग धरला की द्या, आणि अर्ध्याच मात्रेत. लेखात ‘तूर्त बंद’ होतं. ‘तूर्त’ हा शब्द तुम्ही गिळलात.

शेडनेट लावा की. कुणी अडवलंय? एप्रिल-मेच्या वाऱ्यात 50 टक्क्यांच्या जाळीने झाडाचं पाणी कमी उडेल, फायदाच आहे. पण कुंडीतले क्षार जाळी लावून जात नाहीत.

आणि जास्वंद. जास्वंद जास्वंद आहे, चाफा चाफा आहे. सगळ्या झाडांची सोसण्याची ताकद एकच असती तर समुद्रकाठी नारळाशेजारी सफरचंदंही लागली असती. यावर अजून एक परिच्छेद लिहिणार नाही.

खाली दुसऱ्या एका वाचकाने विनम्रपणे विचारलंय, म्हणून त्यांच्यासाठी लिहिते, तुमच्यासाठी नाही. नवं पान पिवळं आणि शिरा हिरव्या दिसत असतील तर तो लोहाचा प्रश्न. कठीण पाण्याने मातीचा सामू (पीएच) वर गेला की मातीत लोह असूनही झाडाला मिळत नाही. साधं चिलेटेड लोह (झाडाला घेता यावं म्हणून दुसऱ्या रसायनात बांधलेलं), ज्यावर त्या रसायनाचं नाव ईडीटीए असं लिहिलेलं असतं, ते अशा मातीत फार टिकत नाही. ईडीडीएचए असलेलं आणा, महाग पडेल. सॉफ्टनरमधून आलेलं पाणी मऊ असतं म्हणून झाडाला घालू नका, त्यात कॅल्शियमच्या जागी सोडियम आलेलं असतं.

‘मातीचा माणूस’ यांनी त्याच प्रतिक्रियेत, अगदी जाता जाता, त्यांचा लिंबूही कडेने करपतोय असं लिहिलंय आणि रोज शेडनेटखाली त्याला ‘आरओचं पाणी’ घालतो असंही. आरओ यंत्राच्या नळीतून बाहेर टाकलं जाणारं पाणी म्हणत असाल तर ते आधी बंद करा. यंत्राने तुमच्या पिण्याच्या पाण्यातून काढलेले सगळे क्षार त्यात आहेत. मग कुंडीच्या काठाचा, खोडाच्या बुंध्याचा आणि बुडाच्या भोकाचा फोटो टाका, दिवसाउजेडी काढलेला. बघून सांगते.