स्विच मारायची योग्य वेळ (म्हणजे थोडी उशिरा)

पैसे म्युच्युअल फंडात टाकून गप्प बसणं हे आळशी लोकांचं काम, तुम्ही तसले नाही. तुमच्या फोनवर ॲप आहे, ॲपात स्विचचं (एका फंडातले पैसे दुसऱ्यात हलवायचं) बटण आहे, आणि बटण दिलंय म्हणजे दाबायलाच दिलं असणार ना.

फक्त घाई करू नका. मार्केट 10 टक्के पडलं की चारचौघांत "करेक्शन हेल्दी असतं हो" म्हणायचं. 20 टक्के पडलं की विषय बदलायचा. अर्ध्याच्या खाली गेलं, झोप उडाली, की मग इक्विटी (म्हणजे शेअर्सच्या) फंडातलं सगळं उचलून बॉण्ड (म्हणजे कर्जरोख्यांच्या) फंडात. अमेरिकेचा शेअर इंडेक्स एस अँड पी 500 ऑक्टोबर 2007 मध्ये 1565 ला होता, 9 मार्च 2009 ला 676, म्हणजे जवळपास 57 टक्के साफ, आणि कितीतरी जणांना तेव्हाच साक्षात्कार झाला की अरे, आपल्याला रिस्क झेपत नाही (1565 ला झेपत होती, छान झेपत होती).

आता बॉण्डमध्ये बसून मजा बघायची. 57 टक्के पडलेला इंडेक्स मूळ जागी यायला 130 टक्क्यांच्या वर चढावा लागतो, ती सगळी चढण तुम्ही "हे टिकणार नाही" म्हणत बघायची आणि 2013 ला तो जुन्या शिखरावर पोचला, बातम्यांत सगळे हसायला लागले, की म्हणायचं, आता सेफ वाटतंय. मारा स्विच. 2020 ला मात्र मार्केटने फार गैरसोय केली, 23 मार्चपर्यंत महिन्याभरात 34 टक्के खाली आणि ऑगस्टमध्ये नवा उच्चांक, माणसाने नीट घाबरायचं तरी कधी?

बॉण्ड फंड म्हणजे ठेवीचा सख्खा भाऊ, ही श्रद्धाही सोडू नका. व्याजदर वाढले की जुन्या बॉण्डचा भाव पडतो, नवा जास्त व्याज देतोय तर तुमचा जुना पूर्ण किमतीला कोण घेईल? ड्युरेशन (व्याजदर हलला की फंड किती हलतो त्याचा आकडा) 7 असेल तर दर 1 टक्का वाढला की फंड साधारण 7 टक्के खाली. हे फंडाच्या फॅक्टशीटवर (माहितीपत्रकावर) लिहिलेलं असतं म्हणून तर फॅक्टशीट उघडायची नाही. 2022 मध्ये फेडने (अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेने) दर जवळजवळ शून्यावरून साडेचार टक्क्यांपर्यंत नेले, शेअर्स डिव्हिडंड धरूनही सुमारे 18 टक्के पडले आणि अमेरिकेचा मुख्य बॉण्ड इंडेक्सही 13 टक्के. मग काय, बॉण्डला शिव्या घालून बाहेर पडायचं, तेही बरोब्बर तेव्हा जेव्हा नव्या बॉण्डवर कित्येक वर्षांनी जरा बरं व्याज मिळायला लागलं होतं.

एक्झिट लोड (फंडातून लवकर बाहेर पडल्याचं शुल्क), टॅक्स वगैरे किरकोळ आहे, प्रत्येक स्विच म्हणजे कायद्याने विक्रीच धरतात बऱ्याच ठिकाणी, पण भीतीला पावती लागत नाही.

आणि सोडलेला फंड वॉचलिस्टमधून काढू नका हं, रोज सकाळी बघायचा. तो चढायला लागला की तुमचा अंगठा बटणाकडे जाईल, आणि तेवढ्यात मेव्हण्याचा मेसेज येईल की अरे माझा पण एक फंड आहे बहुतेक तिथे, दहा-बारा वर्षं झाली, पासवर्ड विसरलोय, तुला काही करता येतं का बघ.