पद्मिनीच्या इंजिनात ९० नंबर ओतू नका

‘जुन्या गाडीचं इंजिन आयुष्यभर टिकवा’ हा फॉरवर्ड आमच्या मामांपर्यंत पोचला आणि ते विजापूर रोडवरून ९० नंबर गिअर ऑइलचा डबा घेऊनही आले. त्यांची प्रीमियर पद्मिनी जरा निळा धूर सोडते, एवढंच निमित्त.

मेसेज म्हणतो, इंजिन ऑइल ५० नंबर, गिअर ऑइल ९०, म्हणजे जवळपास दुप्पट जाड. अर्धा लिटर मिसळा, धूर बंद. अहो, या मोजपट्ट्याच वेगळ्या! इंजिन ऑइलचे नंबर एसएई या संस्थेच्या जे३०० मानकातले, गिअर ऑइलचे जे३०६ मधले. १०० अंश सेल्सिअसला ५० नंबरचं इंजिन ऑइल १६.३ ते २१.९ सेंटिस्टोक (जाडी मोजायचं एकक) भरतं आणि ९० नंबरचं गिअर ऑइल १३.५ ते १८.५. जाड करायला निघालात आणि बहुधा पातळच करून बसाल. शिवाय गिअर ऑइलमध्ये काजळी धरून ठेवणारं डिटर्जंट नसल्यात जमा. गिअरच्या दातांसाठी घातलेलं गंधक मात्र असतं, आणि तापल्यावर ते काशाचे बुश खातं. निळा धूर येतो तो झिजलेल्या पिस्टनच्या रिंगांमुळे नाहीतर व्हॉल्व्ह गाइडमुळे, तिथून तेल आत जाऊन जळतं. आधी मिस्त्रीकडून कॉम्प्रेशन बघून घ्या.

‘सोलापूरच्या ४३ अंशांत ५० नंबर पुरत नाही.’ तो ५० मोजतातच तेल १०० अंशांवर तापवून. पुढचा मुद्दा.

‘डिझेल भरून दहा मिनिटं इंजिन चालवा, कचरा निघतो.’ बेअरिंग तेलाच्या थरावर फिरतं. डिझेलचा थर तितका टिकत नाही. आणि सुटलेला गाळ पंपाच्या जाळीत जाऊन बसला, तर पुढचा खर्च कोण देणार? फॉरवर्ड लिहिणारा?

‘नव्या तेलात झिंक कमी, वेगळी बाटली घाला.’ हे मात्र अर्धं खरं आहे, मान्य करावं लागतं. पद्मिनीच्या कॅम-टॅपेटला (व्हॉल्व्ह उघडणारे भाग) झीज टाळायला झिंक-फॉस्फरसचं अ‍ॅडिटिव्ह लागतं, आणि नव्या गाड्यांचा धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर वाचवायला २००४च्या एपीआय एसएम या तेलाच्या दर्जापासून फॉस्फरस ०.०८ टक्क्यांवर आणला. पण ही मर्यादा १०डब्ल्यू-३० आणि त्याहून पातळ ग्रेडना. तापल्यावर ५० नंबर भरणारं २०डब्ल्यू-५० त्यात येत नाही, म्हणून झिंकची वेगळी बाटली विकत घ्यायचं काही अडलेलं नाही.

‘सिंथेटिक तेलाने सील फाटतात.’ नाही फाटत. कडक झालेलं सील कुठल्याही तेलाने गळतं. तरी मामांना साधं मिनरल २०डब्ल्यू-५० पुरे. फक्त गाडी फिरली नाही तरी वर्षातून एकदा तेल बदला, कारण उभ्या गाडीच्या तेलाच्या चेंबरमध्ये पाणी साचतं.