सोफिया लॉरेनचे दहा सर्वोत्तम चित्रपट, एकही न पाहता

सोफिया लॉरेनसारख्या इटालियन अभिनेत्रीच्या उत्तम चित्रपटांची यादी करायची तर आधी तिचे चित्रपट पाहावे लागतात, हा गैरसमज डोक्यातून काढून टाका. परवा आमच्या घरच्या ग्रुपवर ‘सोफिया लॉरेन : चुकवू नयेत असे दहा सिनेमे’ हे फॉरवर्ड येऊन पडलं आणि माझी खात्रीच पटली, या कामाला फक्त अंगठा लागतो. तुम्हालाही असं नाव काढायचं असेल तर खालच्या सूचना नीट वाचून घ्या.

सुरुवात ‘सौंदर्याची खाण’ या शब्दांनीच करावी. पाठोपाठ मादक डोळे, घायाळ तरुणाई, काळजाचा चुकलेला ठोका. ही विशेषणं मधुबालापासून मर्लिन मन्रोपर्यंत कुणालाही चालतात, त्यामुळे पुढच्या यादीलाही कामाला येतात. ‘तुम्हाला दिसतंय ते सगळं स्पॅगेटीमुळे’ हे तिच्या नावावरचं प्रसिद्ध वाक्य हवंच. ती ते कधी आणि कुठे म्हणाली असं विचारणाऱ्याला ग्रुपमधून काढावं.

फोटो कुठलाही चालतो. आमच्या यादीवर जीना लोलोब्रिजिदा या दुसऱ्याच इटालियन नटीचा होता.

सोफियाचा 1957 च्या पार्टीतला, हॉलिवूडची नटी जेन मॅन्सफिल्ड हिच्या खोल गळ्याकडे तिरक्या नजरेने पाहतानाचा फोटो हाती लागला तर सोन्याहून पिवळं. मग चित्रपटांचीसुद्धा गरज उरत नाही.

दहाचा आकडा भरेना तर ‘ला दोल्चे व्हिता’ घालून टाका. त्यात सोफिया नाहीच, कारंज्यात उतरते ती अनिता एकबर्ग. पण तिचा नेहमीचा नायक मास्त्रोयानी आहे, रोम आहे, आणि वाचणाऱ्याने तरी कुठे पाहिलाय?

‘यस्टरडे, टुडे अँड टुमारो’बद्दल (1963) लिहिताना शेवटच्या भागातला स्ट्रिपटीज आणि पलंगावर बसून कोल्हेकुई करणारा मास्त्रोयानी, एवढंच लिहावं. त्याच चित्रपटाच्या पहिल्या गोष्टीत ती नेपल्सच्या गल्लीत चोरट्या सिगारेटी विकणारी अदेलिना आहे. गरोदर बाईला तुरुंगात टाकता येत नाही असा कायदा कळल्यावर ती एकामागून एक बाळंतपणं काढत सुटते. पोरं सात होतात आणि पोलिसांऐवजी नवराच टेकीला येतो! पोट पुढे काढून ती गल्लीतून ज्या तोऱ्यात चालते त्यावर एक अख्खा परिच्छेद होईल, पण तो लिहू नका. तिला विनोद येत होता हे कळलं तर खाणीचं काय होईल?

‘मॅरेज इटालियन स्टाइल’मध्ये (1964) लग्न आहे, असं लिहा. नावातच आहे. तीन मुलांपैकी कुठला आपला, हे बाप शेवटपर्यंत विचारत राहतो आणि आई सांगत नाही, हे कळायला फार बसावं लागतं.

‘हाउसबोट’, ‘एल सिड’, ‘अरेबेस्क’ हे हॉलिवूडचे. कॅरी ग्रँट, चार्ल्टन हेस्टन, ग्रेगरी पेक अशी नायकांची नावं टाका, पुढे चला.

आता मुख्य सूचना. प्रत्येक चित्रपटाचं एका ओळीत वर्णन करावं, आणि ते नावावरून बेतावं. ‘टू विमेन’ (1960). दोन बायका. पोस्टरवर एक बाई, एक मुलगी. म्हणजे काय असणार? आमच्या यादीत उत्तर होतं : ‘आई-मुलीच्या हळुवार नात्यावरचा, सहकुटुंब पाहावा असा हृद्य चित्रपट.’

सहकुटुंब. वहिनीने ते वाचलं आणि रविवारी दुपारी आठवीतल्या माझ्या पुतणीला घेऊन पाहायला बसली. हृद्य आहे म्हणून मुद्दाम पोहे केले होते. मी वर गेलो तेव्हा पडद्यावर ते मोडकं चर्च आलेलं होतं. मी ‘बंद करा’ म्हणेपर्यंत सैनिक आत शिरले होते. रिमोट सोफ्याच्या फटीत गेलेला. वहिनी गाद्या उचलतेय, मी टीव्हीच्या मागे वायर शोधतोय, आणि पोरगी हातात बशी धरून समोर बघतेय. बंद झाल्यावर वहिनी माझ्याकडे वळली. “भाऊजी, तुम्ही पाहिलाय ना हा? मग सांगता येत नाही?” घरात सिनेमाचं वेड मला, त्यामुळे जगातल्या सगळ्या इटालियन चित्रपटांचा जाब मी द्यायचा. यादी मी केलेली नाही हे सांगायचीसुद्धा सोय नव्हती.

त्या चित्रपटात काय आहे ते ऐका. चेझिरा ही रोममधली दुकानदार विधवा. दुसऱ्या महायुद्धातल्या बॉम्बच्या भीतीने बारा-तेरा वर्षांच्या मुलीला घेऊन आपल्या डोंगराळ मुलखात, चोचारियात जाते. पोरीला जपणं हा एकच उद्योग. आणि युद्ध जवळजवळ संपल्यावर, आता घरी परत निघालो म्हणताना, त्या चर्चमध्ये फ्रेंच सैन्यातले मोरोक्कन सैनिक त्या दोघींवर बलात्कार करतात. सुटका करायला आलेल्या बाजूचे सैनिक! त्यानंतर रस्त्यावर जीपमधून जाणाऱ्या अधिकाऱ्यांसमोर ती ओरडते, दगड भिरकावते आणि धुळीत बसून रडते. केस विस्कटलेले, तोंड वेडंवाकडं झालेलं. सौंदर्याची खाण कुठे आहे त्यात, दाखवा मला.

आधी आईच्या भूमिकेसाठी आन्ना मान्यानी या वयाने मोठ्या इटालियन अभिनेत्रीचा विचार होता आणि सोफियाने मुलगी व्हायचं होतं. मान्यानी तयार झाली नाही आणि पंचविशीतल्या सोफियाने आई केली. तिचं स्वतःचं लहानपण नेपल्सजवळच्या पोत्सुओलीत बॉम्बहल्ल्यांत गेलेलं, घाबरलेली आई तिने घरात पाहिलेली होती. दिग्दर्शक व्हित्तोरिओ डी सिकाने ते बरोबर ओळखलं. या भूमिकेसाठी 1962 मध्ये तिला ऑस्कर मिळालं, आणि इंग्रजी नसलेल्या भाषेतल्या अभिनयासाठी कुणाला ते मिळायची ती पहिलीच वेळ. हे सगळं ‘हृद्य’ या एका शब्दात बसवलंय. कौशल्य आहे.

आणि ‘अ स्पेशल डे’ (1977) यादीत घ्यायचाच नाही, ही शेवटची सूचना. आमच्या यादीत नव्हताच. कसा असेल? त्यात ती विटक्या घरगुती झग्यात आहे. 1938 चं रोम, हिटलर मुसोलिनीच्या भेटीला आलाय, अख्खी इमारत परेडला रिकामी झालीय. सहा पोरांची आई अंतोनिएत्ता मागे राहते भांडी आणि कपड्यांशी. तिची मैना उडून समोरच्या खिडकीपाशी जाते म्हणून तिची त्या शेजाऱ्याशी गाठ पडते. तो रेडिओवरचा निवेदक, समलिंगी असल्यामुळे नोकरीवरून काढलेला. मास्त्रोयानीच, पण कोल्हेकुई नाही. अंतोनिएत्ता मुसोलिनीची भक्त, त्याच्या फोटोंचा अल्बम करून ठेवलेली. गच्चीवर वाळत घातलेल्या चादरींमध्ये दोघं एकमेकांना ओरबाडल्यासारखं बोलतात आणि खालून रेडिओवर परेडचा गोंगाट थांबतच नाही. सुरुवातीची जुनी न्यूजरील सोडली तर दिग्दर्शक एत्तोरे स्कोलाने बाहेरची परेड एवढ्या एका रेडिओवर उभी केलीय. माझ्या मते हे तिचं सगळ्यात मोठं काम. ‘टू विमेन’मध्ये ती ओरडते, इथे तिला ओरडायचीही सोय नाही.

पण झगा विटका. म्हणून बाद.

बास झालं. सूचना वगैरे गेल्या खड्ड्यात. अहो, तुम्ही लिहिता कशाला? कोण मागे लागलंय? बाई ऐंशीच्या पुढे गेल्यावर मुलाच्या दिग्दर्शनाखाली ‘द लाइफ अहेड’मध्ये (2020) छळछावणीतून वाचलेल्या म्हातारीचं काम करते, आणि तुम्ही अजून तिच्या 1957 च्या फोटोवर जिभल्या चाटताय. नका पाहू चित्रपट, जबरदस्ती नाही. पण मग ‘सहकुटुंब’ हा शब्द लिहिताना हात थरथरत कसा नाही? ‘बलात्काराचं दृश्य आहे, मुलांसोबत पाहू नये’ एवढं टाइप करायला किती वेळ लागतो? ‘मादक’ लिहायला वेळ मिळतो ना? आणि न वाचता पुढे ढकलणारे तुम्ही सगळे काका-मामा, अंगठा वर करून ‘छान माहिती’ म्हणणारे, तुम्हीसुद्धा यात आहात. पोरीने त्या रात्री आईला विचारलं, त्या दोघींना मदत करायला बाहेर कुणीच का नव्हतं. वहिनीला बोलता आलं नाही, मलाही नाही. यादीकार साहेब, आता तुम्ही या आणि सांगा तिला. शाळेतून साडेपाचला येते ती.