लहान मेंदू फक्त तोल सांभाळतो? गोळ्या बंद करायला लावणाऱ्या मेसेजला उत्तर

गेल्या आठवड्यात आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मेसेज आला: 'अटॅक्सियाच्या रुग्णाच्या घरच्यांनी जरूर वाचा.' दादाला आनुवंशिक अटॅक्सिया आहे, म्हणजे लहान मेंदू झिजून तोल जाण्याचा, घराण्यात येणारा आजार. मेसेज वाचून वहिनीनं त्याच्या डिप्रेशनच्या गोळ्या कुणालाही न विचारता बंद केल्या. मला चार दिवसांनी कळलं, दादा न्हाणीच्या उंबऱ्यावर पडला तेव्हा.

मेसेजचं म्हणणं असं: आजार फक्त तोलाचा, डोकं शाबूत, म्हणून चिडणं, रडणं, गप्प बसणं हे नाटक. मनाच्या गोळ्यांचं व्यसन लागतं. मुलींना धोका नाही. व्यायामानं मुळापासून बरा होतो.

नाटक? दादा वीसेक वर्षं आमची माटोळी, म्हणजे चवथीला गणपतीवर टांगायची फळा-पानांची चौकट, बांधायचा. दोन वर्षांपूर्वी चवथीला हात थरथरतात म्हणून ठरलं, त्यानं बसून सांगायचं, आम्ही बांधायचं. आंबाडे, कांगले, सुपारीचा घोस, सगळ्यांची नावं त्याला बिनचूक येत होती. पण आधी काय बांधायचं, जड नारळ कुठं लावले म्हणजे चौकट कलणार नाही, हे काही केल्या सुचेना. तासाभरानं तो रडायला लागला. त्या दिवशी हातांचा प्रश्नच नव्हता. बेत आखणं आणि जागेचा अंदाज, दोन्ही गेलं होतं.

यालाही नाव आहे: सेरेबेलर कॉग्निटिव्ह अफेक्टिव्ह सिंड्रोम, म्हणजे लहान मेंदूमुळं विचार आणि भावना बिघडणं. १९९८ साली जेरेमी श्माहमान आणि जॅनेट शर्मन या अमेरिकेतल्या दोघांनी 'ब्रेन' या नियतकालिकात २० रुग्णांची तपासणी मांडली. आजार प्रत्येकाच्या लहान मेंदूपुरताच होता. तरी नियोजन, शब्द पटकन आठवणं, जागेचं भान आणि स्वभाव यांत बिघाड सापडला. कुणी भावनाशून्य झालेलं, कुणी पोरकटासारखं वागणारं. त्यातले सगळे आनुवंशिक रुग्ण नव्हते, आणि म्हणूनच मला ते महत्त्वाचं वाटतं: कारण कुठलंही असो, लहान मेंदू बिघडला की विचार आणि मनही बिघडू शकतं. आनुवंशिक अटॅक्सियात तोच भाग झिजतो. २०१८ मध्ये श्माहमान यांच्याच गटानं यासाठी छोटी चाचणी काढली. तिच्यात एका मिनिटात एकाच अक्षरापासूनचे शब्द सांगायला लावतात. नाटक म्हणणाऱ्यांनी एकदा शेजारी बसून ती बघावी.

'डोकं शाबूत' यात अर्धं खरं आहे, तेवढं मान्य. दादा माणसं ओळखतो, जुने हिशेब सांगतो. सगळ्यांनाच हा त्रास होतो असंही नाही. प्रकाराप्रकारांत फरक आहे.

आता गोळ्या. झोपेच्या आणि घबराटीच्या काही गोळ्यांची सवय लागते, त्यांनी तोलही आणखी जातो, हे खरं. पण डिप्रेशनच्या गोळ्या त्या नव्हेत. त्या अचानक थांबवल्या की चक्कर येते, जीव कासावीस होतो, उदासी उलटते. पडायला अटॅक्सिया एकटा पुरेसा आहे, त्यात ही भर कशाला? अटॅक्सियात डिप्रेशन खूप आढळतं: काही मेंदूतल्या बिघाडामुळं, काही रोज थोडं थोडं हातातून जातंय या दुःखामुळं. दोन्हींवर उपचार होतो. गोव्यात बांबोळीला मानसोपचाराची सरकारी संस्था आहे. रात्री-अपरात्री कुणी 'आता नको वाटतं' म्हणालं तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर आहे.

मुलींना धोका नाही, हे साफ खोटं. दादाचा प्रकार एससीए-२, आनुवंशिक अटॅक्सियाच्या अनेक प्रकारांतला एक. त्यात मुलगा असो की मुलगी, प्रत्येकाला ५० टक्के शक्यता. सावकाश फिरणारे डोळे ही त्याची खूण मुंबईच्या वाडिया आणि स्वामी यांनी १९७१ मध्येच नऊ कुटुंबांत नोंदवली होती. आजार आपल्याकडे इतका जुना माहीत आहे, आणि आपण मेसेज वाचतोय.

व्यायामानं चालणं सुधारतं, दादाचंही सुधारलं. मुळापासून बरा होत नाही.

वहिनीनं डॉक्टरांना फोन करून गोळ्या परत सुरू केल्यात. मेसेज ग्रुपवर तसाच आहे. ज्यांनी टाकला त्यांनी तो आजच काढावा, आणि जिथं जिथं पुढं पाठवला तिथं हे पाठवावं.