‘घरीच तर असता!’ म्हणणाऱ्या वाचकांना

घर सांभाळून मी बी.एड. कसं केलं ते सांगणाऱ्या ‘दोन मुलं, एक बी.एड.’ या माझ्या लेखाखाली गेल्या रविवारी एक निनावी प्रतिक्रिया आली. आधी ती जशीच्या तशी देते, म्हणजे मी सोयीचं तेवढंच उचललं असं कुणी म्हणायला नको.

“लेख वाचला. वेळ कसा काढला याचं एवढं कौतुक कशाला? घरीच तर असता! नोकरी सांभाळून शिकणाऱ्यांना विचारा. सासूबाई घरात नसत्या तर तुमचं वेळापत्रक आठवडाभर टिकलं नसतं, आणि ज्यांच्या घरी कुणीच नाही त्या बायकांना हे वाचून आपणच कमी पडतो असं वाटेल. आणि हो, आंतरवासिता सोळा नव्हे, वीस आठवड्यांची असते.”

शेवटचं वाक्य आधी घेते, कारण ते बरोबर आहे. आंतरवासिता म्हणजे बी.एड.मध्ये शाळेत जाऊन प्रत्यक्ष शिकवायचा काळ. पहिल्या वर्षी चार आठवडे आणि दुसऱ्या वर्षी सोळा, असे मिळून वीस होतात. मी दुसऱ्या वर्षाबद्दल लिहिताना पहिल्या वर्षाचे चार धरायचे विसरले. लेखात दुरुस्ती केली आहे, तुमचे आभार. पण चूक दाखवायला ‘आणि हो’ कशाला लागतं? सरळ सांगितलं असतं तरी मी ऐकलंच असतं. मीही आता शिक्षिका आहे. वर्गातल्या पोराची चूक अशा सुरात दाखवली तर ते पोर पुढच्या वेळी हात वर करत नाही, एवढं या दोन वर्षांत शिकले आहे.

आता ‘घरीच तर असता’कडे येते. तीन शब्द आणि पुढं उद्गारचिन्ह. तुम्ही ताई आहात की दादा ते कळायला मार्ग नाही. पण हे वाक्य लिहिणाऱ्यानं सलग आठ दिवस घर चालवलेलं नाही, एवढं मी खात्रीनं सांगते.

२००८ साली शिवाजी विद्यापीठाची बी.ए. झाले, विषय इतिहास. त्यानंतर लग्न, मुलगी, मुलगा. टाळेबंदीच्या वर्षी घरात एकच मोबाइल होता. मुलीचा वर्ग त्यावर चालायचा आणि तिला न कळलेलं मी कोल्हापुरात मंगळवार पेठेतल्या आमच्या दीड खोलीत जमिनीवर खडूनं लिहून समजावायची. शेजारची दोन पोरंही येऊन बसायला लागली. तिथं माझ्या मनानं घेतलं. २०२२ ला सीईटी दिली आणि पस्तिसाव्या वर्षी बी.एड.च्या वर्गात बसले, मधे चौदा वर्षं गेलेली. प्रवेशाच्या दिवशी खिडकीपलीकडून मला विचारलं होतं, “फॉर्म मुलीचा आहे का?” त्या प्रश्नात आणि तुमच्या ‘घरीच तर असता’मध्ये मला फार फरक वाटत नाही.

माझे यजमान शिरोलीला फाउंड्रीत आहेत. पाळी दर आठवड्याला बदलते: सात ते तीन, तीन ते अकरा, अकरा ते सात. म्हणून माझ्याकडं ‘रोजचं वेळापत्रक’ असं काही नव्हतंच, तीन आठवड्यांची तीन वेगळी वेळापत्रकं होती. पहिल्या पाळीला पहाटे साडेचारला उठून सहाच्या आत डबा भरायचा. दुसऱ्या पाळीला ते रात्री बाराला जेवायचे, मग भांडी. तिसऱ्या पाळीचा आठवडा सगळ्यात अवघड. ते सकाळी घरी येऊन आठला झोपणार, म्हणजे कुकरच्या शिट्ट्या आठच्या आत झाल्या पाहिजेत, मुलांनी आवाज करायचा नाही, आणि मला पाठ मोठ्यानं म्हणून बघायचा असला तर गच्चीवर जायचं. कॉलेज अकरा ते पाच. परीक्षेआधीच्या अभ्यासाच्या सुट्टीत मी पिशवीत वह्या घालून करवीर नगर वाचन मंदिरात जाऊन बसायची. १८५० सालापासूनचं हे वाचनालय आमच्या घरापासून चालत गाठता येतं. तिथं कुणी “आई, माझा मोजा कुठाय” म्हणत नाही, एवढ्यासाठी ती पायपीट होती.

घरी वेळ नसतो असं मी लेखात कुठंच लिहिलेलं नाही, परत वाचा. घरी सलग वेळ नसतो असं लिहिलं आहे. पहिल्या सत्रात मी सात दिवस एका वहीत नोंद ठेवली. रात्री आठ ते दहा अभ्यासाला बसायचं आणि जितक्यांदा उठावं लागलं तितक्या रेघा मारायच्या. एका रात्री अकरा रेघा आल्या. नोकरीवरच्या माणसाचं काम एका वेळेला संपतं, दमून का होईना तो बाहेर पडतो. घरातलं काम संपत नाही आणि ते मधेमधे हाक मारतं. ही अडचण दिसायला बारीक आहे, पण चौदा वर्षांनी पुस्तक उघडणाऱ्या बाईला तीच आडवी येते. अर्धा परिच्छेद वाचून उठलं की परत पहिल्या ओळीपासून वाचावं लागतं.

यावरचा उपाय मला बी.एड.नंच दिला आणि माझा अख्खा लेख त्याच्यावर होता. तुम्ही त्याबद्दल एक अक्षर लिहिलं नाहीत, म्हणून परत सांगते. सूक्ष्म अध्यापनाचं, म्हणजे छोटा पाठ घेऊन शिकवायच्या सरावाचं, एक चक्र छत्तीस मिनिटांचं असतं. सहा मिनिटं शिकवायचं, सहा मिनिटं प्रत्याभरण (पाठ कसा झाला ते ऐकायचं), बारा मिनिटं पुनर्नियोजन (पाठ नव्यानं बसवायचा), मग परत सहा मिनिटं शिकवायचं आणि सहा मिनिटं प्रत्याभरण. एका चक्रात एकच कौशल्य घ्यायचं. मला त्यातली ती बारा मिनिटं दिसली. बिघडलेला पाठ बारा मिनिटांत नीट करता येतो, तर बारा मिनिटांत एक मुद्दाही वाचून होतो. तेव्हापासून मी ‘आज दोन तास अभ्यास’ असं ठरवणं सोडलं. बारा मिनिटांचा एक तुकडा, तुकड्याला एकच मुद्दा, आणि उठायच्या आधी वहीत पुढचं वाक्य अर्धवट लिहून ठेवायचं. परत बसलं की ते वाक्य पुरं करायचं, की मन आपसूक जागेवर येतं. दिवसात सहा तुकडे झाले की बास. पाठ टाचणं, म्हणजे पाठाचे लेखी आराखडे, मात्र अशी होत नाहीत, त्यांना सलग तास लागतो. ती मी दुसऱ्या पाळीच्या आठवड्यात, यजमान जेवायला बसायच्या आधी रात्री दहा ते बारामध्ये लिहिली.

सहा मिनिटांच्या पाठाची तालीम घरातच झाली. दाराच्या मागच्या बाजूला खडूनं फलकलेखन, समोर पाचवीतली माझी मुलगी. ती म्हणाली, “आई, तू दाराशीच बोलतीस.” पुढच्या आठवड्यात आमच्या मॅडमनी माझ्या वहीत नेमका हाच शेरा दिला. मुलांना वेळ देणं आणि अभ्यास करणं ही दोन कामं वेगवेगळ्या पारड्यांत टाकायची नसतात, हे मला त्या दिवशी कळलं. हे घरी असल्यामुळंच जमलं, हो! आणि त्याची मला लाज नाही.

‘नोकरी सांभाळून शिकणाऱ्यांना विचारा’ म्हणता. विचारलं की! नियमित बी.एड.ला तासांची ऐंशी टक्के आणि आंतरवासितेची नव्वद टक्के हजेरी लागते. पूर्ण वेळची नोकरी करत ही हजेरी भरत नाही, म्हणून माझ्या वर्गातल्या दोघी नोकरी सोडूनच आल्या होत्या. नोकरीतल्या शिक्षकांसाठी मुक्त विद्यापीठाचं बी.एड. वेगळं आहे. ही तुलनाच बसत नाही, त्यामुळं तिच्यावर जास्त लिहीत नाही.

राहता राहिल्या सासूबाई. त्यांना मी आत्या म्हणते. आत्या घरात आहेत हे मी लेखात लिहिलं होतं, लपवलं नव्हतं. पहिल्याच सत्रात त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं आणि थेंब घालायची पाळी माझी होती, तेही लिहिलं होतं. मुलगा शाळेतून यायच्या वेळी त्या घरात असायच्या, हे खरं. पण सासरच्या आधारावर शिकलं की ते शिकणं हलकं, हा हिशोब कोल्हापुरात बसून तरी मांडू नका. १९१८ साली शाहू महाराजांचे धाकटे पुत्र प्रिन्स शिवाजी शिकारीत अपघातानं वारले, तेव्हा त्यांच्या मागं राहिलेल्या त्यांच्या कोवळ्या वयाच्या पत्नी इंदुमतीदेवींच्या शिक्षणाची सोय महाराजांनी कोल्हापूरजवळ सोनतळीला केली. सुनेला शिकवणारं सासर ही या गावची पुण्याई आहे, तिला उणेपणा म्हणणारे तुम्हीच पहिले भेटलात.

ज्यांच्या घरी कुणीच नाही त्यांचं काय, हा प्रश्न मोठा आहे. पण तो माझ्या लेखाचा विषय नव्हता. मी माझ्या घरात जे केलं तेवढंच लिहिलं. ज्यांना ते लागू नसेल त्यांनी सोडून द्यावं.

तुमची प्रतिक्रिया मी काढलेली नाही आणि काढणारही नाही. त्या लेखाखाली आतापर्यंत कितीतरी बायकांनी पाळीचं वेळापत्रक मागून घेतलं, त्यातल्या एकीनंही असा सूर लावला नव्हता. तिन्ही आठवड्यांची वेळापत्रकं मूळ लेखात तासवार दिली आहेत. त्यातला कुठला तास मी नुसती ‘घरी’ होते तेवढा दाखवा, आणि खाली नाव घालून लिहा. नाव असेल तर उत्तर नक्की देईन.